मिरचीचे हात

एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायका, हवेत भाजलेल्या मिरचीचा ठसका, आणि माझ्या खिशात पेनड्राइव्ह. त्यात काकांच्या दुकानाचं नवं बिलिंग.

टूल मी घरबसल्याच ठरवलं होतं. स्क्रीन एकदाच वेबच्या भाषेत लिहायच्या, काउंटरच्या कॉम्प्युटरसाठी त्या इलेक्ट्रॉन या टूलमध्ये बसवायच्या आणि हॉटेलांच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोरांच्या मोबाइलसाठी कपॅसिटर या टूलमध्ये. एक कोड, दोन कामं. पार्टनर खूश, मी त्याहून खूश.

डबल क्लिक केलं. कुठलासा एन्ट्री पॉइंट सापडत नाही, असं सांगणारी खिडकी आली आणि कारभार आटोपला. मशीन विंडोज ७, तेही ३२-बिट, रॅम २ जीबी. इलेक्ट्रॉनने २०२३ मध्ये २३व्या आवृत्तीपासून विंडोज ७ सोडलं, हे मला माहीत होतं. काकांच्या काउंटरवर काय आहे, एवढंच विचारलं नव्हतं. जुनं इलेक्ट्रॉन घालता आलं असतं, पण ते अख्खं क्रोमियम, म्हणजे क्रोमच्या पोटातला ब्राउझर, सोबत घेऊन फिरतं. २ जीबीत मशीनने मानच टाकली असती. फ्लटर हे गूगलचं ॲप बनवायचं टूल, पण त्याला ३२-बिट विंडोज चालतच नाही.

“काका, मशीन बदलूया का?”

“कशाला? चालतंय की. बस तू, चहा घे.”

बसलो, दोन तास. हिशेब बघणाऱ्या मावशी एफ२, आकडे, एंटर करत स्क्रीनकडे न बघता बिल काढत होत्या. बोटं तिखटाने लाल. माउस कधीचा ड्रॉवरमध्ये पडलेला, आणि माझी प्रत्येक स्क्रीन माउसवर बेतलेली! प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, कारण कार्बन लावून तीन प्रती लागतात: गिऱ्हाइकाला, कांडपाला आणि दुकानाला. जुनं सॉफ्टवेअर व्हीबी६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेतलं. त्यात देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं उमटायची, म्हणून बेडगी, लवंगी सगळ्या इंग्रजी कॅपिटलमध्ये.

गाडीतूनच पार्टनरला फोन लावला. काउंटर विनफॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या टूलमध्ये, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर, विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ हा अपडेट असला की चालतं. मोबाइल फ्लटरमध्ये. दोन्हीकडे डेटा ठेवायला एसक्यूलाइट.

“म्हणजे दोन कोड? आणि विनफॉर्म्स? २००२ सालचं?”

“हो.”

तो बराच वेळ बोलला. करी रोड ते ठाणे.

तीन आठवड्यांनी परत गेलो. मावशींनी ओढणीला हात पुसला, एफ२ दाबलं आणि सवयीने मान दुसरीकडे वळवली. प्रिंटर करकरला. काकांनी चष्मा लावून पहिलंच मराठी बिल वरपासून खालपर्यंत वाचलं.

“संकेश्वरी लिही रे. तू शंकेश्वरी केलंयस.”