पारदर्शक थराखालची प्लेट

लेसरने साफ करायला आलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर दोन प्रकारचं जुनं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन बसणारा राळेचा थर, होतं. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पिवळसर पारदर्शक. दोन्ही दगडासारखी कडक. ॲसिटोनने काही हललं नव्हतं, आणि पटाशीचे ओरखडे कोणीतरी आधीच पाडून ठेवले होते.

आमचं मशीन पल्स्ड फायबर लेसरचं, म्हणजे झटक्याझटक्याने किरण सोडणारं; किरणाची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. काळा थर ही ऊर्जा थेट शोषतो आणि फेरीगणिक उतरत जातो. ती बाजू मुकाट निघाली.

पारदर्शक बाजूवर किरण फिरवला तर आधी काहीच होईना. मग टक्‌टक् आवाज येऊन खपल्या उडू लागल्या.

"सर, पॉवर वाढवू का?" हेल्परने विचारलं.

"नको. इपॉक्सी राहील आणि प्लेट जाईल."

हा किरण पारदर्शक थरातून बराचसा आरपार जातो. तापतो तो खालचा धातू. त्याला चिकटलेलं इपॉक्सी विघटित होतं आणि कोंडलेला वायू वरची खपली उचकटतो. इथे पॉवर वाढवणं म्हणजे धातूलाच भाजणं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं हे खरं, पण उष्णता साठत गेली तर कडक केलेला मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. कार्बन डायऑक्साइड लेसर असता तर गणित उलटं झालं असतं: त्याचा १०.६ मायक्रॉनचा (१०,६०० नॅनोमीटरचा) किरण इपॉक्सी शोषतं, उघडा धातू परतवतो.

मी पॉवर उतरवली, स्कॅनचा वेग वाढवला, दोन फेऱ्यांच्या मध्ये प्लेट निवू दिली. वेळखाऊ काम, पण घाईचं नव्हेच. खपली उडाली की खालचा चकचकीत धातू किरण कुठेही फेकू शकतो. तो दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. थेट दृष्टिपटल जळतं. म्हणून आडोसा बंद आणि डोळ्यांवर १०६४ नॅनोमीटरचेच चष्मे. नुसता रंगीत चष्मा चालेल असं समजणारे अजून भेटतात! ॲसिटोनचा डबा आणि चिंध्या खोलीबाहेर. धूर ओढणारा पाइप किरणाच्या अगदी जवळ, कारण जळक्या इपॉक्सीचा धूर विषारी असतो. साधा मास्क त्यातले वायू अडवत नाही.

शेवटी लेसर कुलूपबंद करून काजळी पुसली आणि प्लेटवर शुद्ध पाणी सोडलं. पाणी सलग पसरलं, फक्त एका कोपऱ्यात फुटून थेंब झाले. तिथे थर उरला होता. प्लेट वाळवून त्या कोपऱ्यावर पुन्हा हलकी फेरी दिली.