गाजराचा रस आणि कुरळा टोप

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा कालप्रवासी; मरायची वेळ आली की तो नव्या चेहऱ्याने, म्हणजे नव्या नटाच्या रूपात, पुन्हा उठतो, म्हणून पहिला, सातवा, दहावा असे त्याचे क्रमांक. या मालिकेचे दोन जुने चाहते एकत्र आले की पहिली दहा मिनिटे कोणाला कोणता डॉक्टर आवडतो यात जातात आणि उरलेला सगळा वेळ एका क्रियापदात जातो. ते क्रियापद म्हणजे ‘धरणे’. अमुक कादंबरी धरायची का? तमुक ध्वनिनाट्य धरायचे का? पुस्तकात डॉक्टरची एक जुनी सोबतीण मरते, ते मरण धरायचे का? लहान मुले खेळताना ‘हा डाव धरायचा नाही’ म्हणून जशी हमरीतुमरीवर येतात, त्याच तन्मयतेने चांगली चाळिशी-पन्नाशीची माणसे हा वाद घालतात. मीही घालते, आणि बहुतेक वेळा हरते.

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांनी या दुखण्यासाठी एक नेमका शब्द करून ठेवला आहे: क्षेपक. मूळ ग्रंथात मागाहून कोणीतरी घुसवलेला भाग तो क्षेपक. एखादी ओवी मूळ कवीची की नंतरच्या कोणा नकलकाराची, यावर पंडितांनी आयुष्ये वेचली. इकडे पडद्यावर दिसले ते मूळ आणि छापून किंवा ध्वनिमुद्रित होऊन आले ते क्षेपक, अशी वाटणी वरवर सोपी दिसते. पण पोथीच्या अभ्यासकाला एक सुख होते. त्याच्या ग्रंथाचा कर्ता मरून गेलेला असे. या मालिकेचा कर्ता एक नाही आणि ग्रंथ अजून लिहिला जातो आहे.

ही क्षेपके जन्माला आली ती उपासमारीतून. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली मालिका बीबीसीने डिसेंबर १९८९ मध्ये गाजावाजा न करता थांबवली आणि ती पुन्हा नियमितपणे सुरू झाली ती थेट मार्च २००५ मध्ये. मध्ये १९९६ सालचा एकुलता एक दूरचित्रपट सोडला, तर पंधरा-एक वर्षे पडदा कोरडा होता. कादंबऱ्या त्यापूर्वीही होत्या, पण त्या मुख्यतः पडद्यावरच्याच कथांची पुस्तके होत. टेरन्स डिक्स या गृहस्थांनी एकट्याने अशी साठांहून अधिक पुस्तके लिहिली, आणि घरोघरी व्हिडिओ येण्याआधीच्या काळात जुना भाग पुन्हा ‘पाहण्याचा’ तोच एक मार्ग होता. १९९१ पासून मात्र व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेने अगदी नव्या कथांची मालिका काढली आणि तिच्या संपादकांनी एक धाडस केले. अनोळखी लेखकांनी आपण होऊन पाठवलेली हस्तलिखितेही ते वाचू लागले. साहजिकच चाहते लेखक झाले. पॉल कॉर्नेल, मार्क गेटिस, रसेल टी. डेव्हिस ही सगळी मंडळी या पुस्तकांतून लिहून गेलेली आहेत. पुढे २००५ मध्ये मालिकेचे पुनरुज्जीवन केले ते याच डेव्हिस यांनी, आणि कॉर्नेल व गेटिस यांनी तिचे भाग लिहिले. म्हणजे मूळ ग्रंथाचे पुढचे अध्याय क्षेपककारांच्याच हातचे आहेत. मूळ कोणते आणि भर कोणती, हे बोट ठेवून दाखवायला आता कोणी मला सांगू नये.

या पुस्तकांविषयीची मते तेव्हाही टोकाची होती आणि आजही आहेत. एक पक्ष म्हणतो की मालिका तिथे वयात आली. डॉक्टर दूरवरचे डाव मांडणारा, स्वतःच्या माणसांनाही सोंगट्यांसारखे हलवणारा झाला, सोबतिणींना राग, वासना आणि भूतकाळ मिळाला. दुसरा पक्ष म्हणतो की वयात आलेल्या पोराप्रमाणेच ती पुस्तके मोठेपणा मिरवण्यासाठी शिव्या देत होती आणि विनाकारण काळवंडलेली होती. मला दोन्ही पक्ष पटतात, कारण एकाच कादंबरीत पान साठवर पहिला आणि पान नव्वदवर दुसरा पक्ष खरा ठरल्याचा मला अनुभव आहे. पण या पुस्तकांनी बर्निस समरफिल्ड दिली, हे दुसऱ्या पक्षालाही नाकारता येत नाही. १९९२ साली कॉर्नेल यांच्या कादंबरीतून आलेली ही पुरातत्त्वज्ञ बाई बोलते फटकळ, मद्य पिते मनसोक्त आणि आपल्या रोजनिशीत जुन्या नोंदींवर नव्या चिठ्ठ्या चिकटवून स्वतःचा इतिहास सुधारत राहते. धरायचे की नाही या वादात पडलेल्या चाहत्याचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही.

सर्वांत कडाक्याचे भांडण होते ते मार्क प्लॅट यांच्या १९९७ सालच्या ‘लंगबॅरो’ या कादंबरीवरून. तिच्यानुसार डॉक्टरच्या ग्रहावर मुले जन्मतच नाहीत. तिथे घराण्या-घराण्यांत माग असतात आणि त्यांवर माणसे विणली जातात, एकेका घराण्यात पंचेचाळीस चुलतभावंडे, तीही मोठ्या वयाचीच. कल्पना मला अतिशय आवडते. तिच्यात परीकथेचा आणि थडग्याचा असा मिश्र वास आहे. पण २००७ मध्ये मालिकेने डॉक्टरच्या कट्टर शत्रूचे बालपण दाखवले आणि २०१४ मध्ये खुद्द डॉक्टर कोठारात रडणारा लहान मुलगा म्हणून दिसला. झाले! मागाचे समर्थक म्हणाले की विणलेले मूलही लहान असू शकते. विरोधक म्हणाले की पुस्तक रद्दीत टाका. मी मनातल्या मनात दोन्ही ठेवले. एकाच देवाच्या जन्माच्या दोन कथा ऐकत वाढलेल्या माणसाला यात फार कष्ट पडत नाहीत.

आणि पडद्याला तरी कुठे एकवाक्यता आहे? अटलांटिस बुडाले कसे, याचे उत्तर या मालिकेने १९६७, १९७१ आणि १९७२ अशा तीन वेळा दिले आणि तिन्ही वेळा वेगळे दिले. पुस्तकाने एक विसंगती केली तर ते अपवित्र आणि पडद्याने तीन केल्या तर ती गंमत, हा न्याय मला पटत नाही. २००७ सालचे उदाहरण तर आणखी मौजेचे आहे. कॉर्नेल यांची ‘ह्यूमन नेचर’ ही १९९५ सालची कादंबरी तेव्हा पडद्यावर आली, पण पुस्तकातला सातवा डॉक्टर पडद्यावर दहावा झाला. दोन्ही कथा धरल्या, तर एकाच माणसाने दोन वेगवेगळ्या जन्मांत पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरच्या इंग्लंडमध्ये, एका मुलांच्या शाळेत, जॉन स्मिथ या नावाचा मास्तर होऊन, स्वतःला विसरून प्रेमात पडण्याचा उद्योग दोनदा केला असे होते. विसराळू माणूस तीच चूक पुन्हा करतो, हे मला तरी अशक्य वाटत नाही.

ध्वनिनाट्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे माझा तोल जातो हे आधीच कबूल करते. या मालिकेचे कानाशी असलेले नाते मुळातच करुण आहे. साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने टेपा पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण काही चाहत्यांनी तो प्रसारणाच्या वेळी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. चित्र गेले आणि आवाज राहिला. त्यामुळे जुलै १९९९ मध्ये बिग फिनिश या संस्थेने जुन्या तीन डॉक्टरांना, म्हणजे पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय यांना, ध्वनिमुद्रणासाठी एकत्र बोलावले, तेव्हा चाहत्यांचे कान तयारच होते. ती मासिक मालिका मार्च २०२१ पर्यंत चालली आणि तिच्यात २७५ नाटके निघाली. बाजूच्या शाखा तर मोजण्याच्या पलीकडे गेल्या आहेत. पडद्यावर जेमतेम दोन वाक्ये वाट्याला आलेल्या पात्रालाही इथे स्वतंत्र संच मिळू शकतो, आणि ‘आता पुरे’ ही तक्रार मला सर्वांत रास्त वाटते. जुना प्रत्येक राक्षस परत आणलाच पाहिजे असे नाही. काही राक्षस विस्मरणात सुखी असतात.

श्रुतिकेची जात अवघड. जे दिसत नाही ते सांगायचे, पण सांगितले आहे असे वाटू द्यायचे नाही. वाईट श्रुतिकेत पात्रे आंधळ्यांना वाट दाखवल्यासारखी बोलतात: ‘अरे बापरे, त्या लोखंडी दारातून सहा पायांचा हिरवा प्राणी माझ्याच दिशेने येतो आहे!’ असा प्राणी खरोखर आला तर माणूस फक्त किंचाळेल. चांगली श्रुतिका मात्र डोळ्यांचे काम आपल्यावर सोपवते. रॉबर्ट शियरमन यांचे ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ हे २००२ सालचे नाटक मी प्रथम ऐकले ते दिवा मालवून, कानांत इअरफोन घालून. एक जुने घर, नाताळची आदली रात्र, नोकरांचा तळमजला आणि बाराकडे सरकणारे घड्याळ. एकेका नोकराचा विचित्र मृत्यू होतो आणि वेळ पुन्हा मागे फिरते. नाटक संपल्यावरही कितीतरी वेळ मी इअरफोन काढले नाहीत, कारण काढल्यावर खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली असती. काही महिन्यांनी एका मित्राशी बोलताना मी सहज म्हटले, ‘त्या घराचा तो काळपट लाकडी जिना आठवतो ना?’ तो म्हणाला, ‘लाकडी कुठला? दगडी होता, पांढरा.’ आम्ही अर्धा तास भांडलो. मग दोघांनाही एकदम आठवले की तो जिना आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही.

पडद्याचा कट्टर अभिमानी असलेला हाच मित्र पुस्तके धरत नाही, ध्वनिनाट्ये धरत नाही, आणि तरीही आठव्या डॉक्टरचे सगळे साहस मात्र धरतो. कारण विचारले तर म्हणतो, पॉल मॅकगॅन यांना पडद्यावर एकच चित्रपट मिळाला, बाकीचे न धरून कसे चालेल? गरिबाला थोडी सूट द्यावी लागते, इतकाच त्याचा युक्तिवाद. २०१३ मध्ये ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ या सातेक मिनिटांच्या लघुपटात मॅकगॅन परत आले आणि मरणापूर्वी त्यांनी चार्ली, क्रिझ, लूसी, टॅम्सिन आणि मॉली यांची नावे घेतली. ही सगळी ध्वनिनाट्यांतली माणसे. बारा वर्षे कानांनी पोसलेल्या पात्रांना पडद्याने तिलांजली देता देता का होईना, ओळख दिली. माझ्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याच क्षणी दुसऱ्या एका गटाचा चेहरा पडला, कारण आठव्या डॉक्टरच्या बीबीसीच्या कादंबऱ्याही होत्या, १९९७ ते २००५ या काळातल्या त्र्याहत्तर, आणि त्यांतल्या फिट्झ या सोबत्याचे नाव त्या यादीत नव्हते. क्षेपकांतही पंक्तिभेद असतो, हे त्या दिवशी कळले.

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांचा प्रश्न एप्रिल २०१४ मध्ये कंपनीनेच सोडवला. तोवरच्या बहुतेक सगळ्या कादंबऱ्यांवर ‘दंतकथा’ असा शिक्का बसला आणि अधिकृत वहीतून त्या वगळल्या गेल्या. निकाल स्वच्छ होता, आणि त्या चाहत्यांचे दुःखही तितकेच स्वच्छ होते. बीबीसीने असा निवाडा कधी दिलेला नाही. मला हे सोयीचे वाटते, कारण शिक्का बसला असता तर मला माझा सहावा डॉक्टर परत करावा लागला असता.

कॉलिन बेकर यांचा सहावा डॉक्टर १९८४ ते १९८६ या काळात पडद्यावर होता. डोळ्यांना दुखवणारा रंगीबेरंगी कोट, भांडखोर स्वभाव, मध्येच दीड वर्षाची सक्तीची रजा आणि शेवटी सरळ नारळ. बहुतेक जुन्या याद्यांत तो तळाला असे. मग श्रुतिका आल्या आणि पहिली गोष्ट अशी झाली की तो कोट दिसेनासा झाला. उरला तो आवाज, आणि तो आवाज विलक्षण होता. गडगडाटी, तरी कडेला हळवा. २००० साली त्याला एव्हलिन स्माइथ ही सोबतीण मिळाली. पंचावन्न वर्षांची, इतिहास शिकवणारी, हृदयविकाराची, कोकोची शौकीन आणि डॉक्टरला ‘तोंड बंद ठेवा’ असे सांगण्याची हिंमत असलेली बाई. मॅगी स्टेबल्स यांनी तिला असा आवाज दिला की तिच्यापुढे हा बढाईखोर माणूस आपोआप सभ्य होत गेला. पडद्याने त्याला जे वय दिले नाही, ते तिने दिले.

या डॉक्टरचे पडद्यावरचे शेवटचे शब्द गाजराच्या रसाविषयीचे आहेत. नवी सोबतीण तब्येतीसाठी तो रस पाजू पाहते आणि तो वैतागून तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. १९८६ चा तो भाग तिथे संपला. बेकर यांना काढून टाकल्यावर त्यांनी निरोपाच्या प्रसंगासाठी परत यायला नकार दिला. म्हणून १९८७ च्या पहिल्या दृश्यात जमिनीवर पडलेला सहावा डॉक्टर म्हणजे कुरळा पिवळा टोप घातलेले सिल्व्हेस्टर मॅकॉय आहेत. राणी नावाची खलनायिका (हे नाव ऐकून मला दर वेळी हसू येते) यान पाडते, चेहरा झळाळतो, टोप जातो, आणि सहाव्याचा सातवा होतो. रस आणि टोप यांच्यामध्ये पडद्यावर काहीही नाही.

परवा ते दृश्य पुन्हा पाहिले. टोप अजून तितकाच वाईट दिसतो. पण त्याआधी मी गाजराच्या रसापाशी थांबवले, पाणी प्यायला उठले, आणि उठता उठता हिशेब केला. एव्हलिनचे घर, तिचा निरोप, नंतर आलेल्या इतर सोबतिणी, २०१५ मध्ये आलेली त्याच्या अखेरची श्रुतिका, हे सगळे या दोन दृश्यांच्या मधल्या फटीत बसते. पंचवीस वर्षांहून जुना झालेला आवाज त्या फटीत राहतो आहे. परत येऊन मी पुढचे दृश्य लावले. जमिनीवर पडलेल्या त्या उसन्या केसांच्या माणसाकडे पाहताना माझ्या मनात आले ते इतकेच, की एव्हलिनला हे कोणीतरी कळवायला हवे होते.