आजरा घनसाळचं बियाणं आणायला जाताय? पेठेत थांबू नका

संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा रस्ता सोपा. रामतीर्थ, आंबोली बघून घ्या, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते रस्त्याकडेच्या 'अस्सल घनसाळ'बद्दल. घनसाळ म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचा वासाचा तांदूळ. दर घनसाळचा, पोत्यात निम्मा इंद्रायणी वाणाचा तांदूळ. नाकाला कळत नाही, कारण इंद्रायणी (आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ या वाणांच्या संकरातून १९८७ मध्ये आलेली) स्वतःच वासाची. मूठभर तांदूळ काळ्या कापडावर पसरा: घनसाळचा दाणा आखूड, इंद्रायणीचा लांब. दोन वेगळ्या लांबीचे दाणे दिसले की उठा. २०१६ चं भौगोलिक मानांकन नोंदणीकृत उत्पादकाच्या मालाला आहे, पाटीला नाही.

बियाणं तर दुकानातून घ्यायचंच नाही. भात पिकत आलं की शेतकऱ्याला विचारून शिवारात उतरा. बांध अरुंद, निसरडे, त्यावर भात लोळलेलं. पाय खाचरात जातोच. युरिया जास्त झालेलं उंच भात हमखास आडवं पडतं, अशा तुकड्यातल्या लोंब्या घेऊ नका.

उभ्या पिकात उंची, फुलोरा, कुसळ यांत वेगळं दिसेल ते झाड भेसळीचं. गेल्या वर्षी सांडलेला दाणा, एकाच खळ्यावर झालेली दोन वाणांची मळणी, भेसळ येते ती बहुतेक इथूनच. वासाची शंका असली तर त्या झाडाचं २ ग्रॅम हिरवं पान बारीक चिरून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलि द्रावणात झाकून ठेवा, दहा मिनिटांनी हुंगा. द्रावण दाहक आहे, बोट घालू नका. शेजारी बिनवासाच्या मसुरी भाताचं पान तसंच ठेवा, नाहीतर चार-पाच नमुन्यांनंतर नाक काहीही सांगतं.

निदान शंभर झाडांची एकेक लोंबी घ्या, वेगवेगळी बांधा. पुढच्या पावसाळ्यात एका लोंबीची एकच ओळ लावा. जी ओळ एकसारखी निसवणार नाही (लोंब्या एकाच वेळी बाहेर पडणार नाहीत) ती अख्खी उपटा. त्यातलं एखादं चांगलं झाड वाचवायचा मोह नडतो. दुसऱ्या वाणापासून ३ मीटर अंतर हवंच.

पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगणारं पळंज (पोकळ दाणे) काढा. खालचं बी दोनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत सुकवा. तरवा (रोपं) टाकताना दोन वाणांचे वाफे लगत नकोत. लोंब्या आणताना कापडी पिशवी वापरा. बंद प्लॅस्टिकमध्ये ओल धरली की उगवण गेली.