वरखर्च कुणाच्या नावावर? आमची वाटचाल

2003 साली नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही पॉवर डायोड, म्हणजे मोठा विजेचा प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, बनवायला सुरुवात केली. सिलिकॉनची चिप आम्ही बनवत नाही, ती तयार येते. ती फर्नेसमध्ये (भट्टीत) तांब्याच्या बेसवर सोल्डर करायची, वर लीड (जोडणीची तार) बसवायची, सील करायची आणि तपासून द्यायची, एवढं आमचं काम. तेव्हा आम्ही चौघंच होतो. मी खरेदी-विक्री बघायचो, सौ. हिशेब, एक दादा फर्नेसवर आणि एक ताई टेस्टिंगला.

पुढे प्लेटिंगवाले आणि बॅटरी चार्जर बनवणारे म्हणू लागले, सुटे डायोड नकोत, अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या तुकड्यावर) बसवून, बसबार (वीज नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) जोडून तयार स्टॅकच द्या. तेही सुरू केलं. मग दुसऱ्यांचे डायोड तपासून देण्याचं जॉबवर्क आलं. अशी तीन कामं झाली, पण गाळा एक, फर्नेस एक, टेस्ट बेंच एक आणि लाईट बिलही एकच.

आमची सगळ्यात महागडी चूक इथूनच सुरू झाली. नवीन उद्योजकांना उपयोग होईल म्हणून आकड्यांसकट लिहितो.

2016 मध्ये महिन्याची उलाढाल साधारण 40 लाख होती. त्यात स्टॅक 24 लाख, डायोड 12 लाख, टेस्टिंग 4 लाख. भाडं, वीज, फर्नेसचा गॅस, टेस्टिंगचे पगार असा सामाईक वरखर्च 6 लाख. तो आम्ही उलाढालीच्या प्रमाणात वाटायचो, कारण ते सगळ्यात सोपं होतं. त्यामुळे स्टॅकवर 3 लाख 60 हजार, डायोडवर 1 लाख 80 हजार आणि टेस्टिंगवर 60 हजार पडायचे. वरखर्चाआधी स्टॅकमध्ये 3 लाख 20 हजार सुटायचे, म्हणजे कागदावर स्टॅक दरमहा 40 हजार तोट्यात. डायोड मात्र 1 लाख 20 हजार नफ्यात.

कागदावर विश्वास ठेवून मी स्टॅकचे दर वाढवले. दोन जुनी गिऱ्हाईकं गेली. दुसरीकडे डायोडच्या ऑर्डरी मी दर पाडून घेत सुटलो. वर्षभरात फर्नेस रात्रीही चालू, माणसं थकलेली आणि बँकेत पैसा कमी.

कोडं सौ.ने सोडवलं. तिने फर्नेसच्या लाईनवर वेगळा सबमीटर बसवून घेतला आणि टेस्ट बेंचवर एक साधं रजिस्टर ठेवलं: कुठला लॉट, कधी लागला, कधी उतरला. तीन महिन्यांनी चित्र स्पष्ट झालं. स्टॅक फर्नेसमध्ये जातच नाही. त्याची किंमत जास्त असते ती अॅल्युमिनियम आणि तांब्यामुळे. जोडणी टेबलावर होते आणि तपासणी काही मिनिटांची. डायोड मात्र फर्नेसमधून जातो आणि नंतर प्रत्येक नग गरम करून, उलट्या दिशेने व्होल्टेज देऊन त्याची गळती मोजावी लागते. वापराप्रमाणे वाटणी केली तर त्याच 6 लाखांपैकी डायोडवर 3 लाख 60 हजार, टेस्टिंगवर दीड लाख आणि स्टॅकवर फक्त 90 हजार येत होते. म्हणजे स्टॅक 2 लाख 30 हजार नफ्यात, डायोड 60 हजार तोट्यात, टेस्टिंग 30 हजार तोट्यात. एकूण नफा दोन्ही पद्धतींनी 1 लाख 40 हजारच. फक्त तो कोण कमावतं आणि कोण खातं, हे उलटंपालटं झालं.

त्या रात्री मी बराच वेळ तो कागद घेऊन बसलो होतो. गेलेल्या दोन्ही गिऱ्हाईकांकडे मी स्वतः जाऊन आलो. त्यातलं एक परत आलं.

माझा भाचा चिप डिझाइनमध्ये आहे. त्याने मला मोठ्या सेमीकंडक्टर कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची सवय लावली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे अॅनालॉग (वीजपुरवठा, सिग्नल सांभाळणाऱ्या चिप) आणि एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसणारे छोटे प्रोसेसर) असे दोन मुख्य विभाग आहेत. कॅल्क्युलेटर, डीएलपी (प्रोजेक्टरच्या चिप) वगैरे ‘इतर’मध्ये. 2023 च्या 17.52 अब्ज डॉलर उलाढालीत एकट्या अॅनालॉगचे 13 अब्ज. पण कारखाने सामाईक आहेत आणि त्यांचा खर्च, घसाऱ्यासकट (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेल्या रकमेसकट), विभागांना दर नगामागे लावला जातो. म्हणून कुठल्या विभागाचा घसारा किती, हे वेगळं दाखवता येत नाही, असं कंपनी अहवालात सरळ लिहिते. आमच्या सबमीटरमागचं तत्त्वही हेच होतं. जो जितकं वापरेल, तितकं त्याच्या नावावर.

रिकाम्या यंत्राचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, आणि मला तो सगळ्यात अवघड वाटतो. याच कंपनीने 2021 मध्ये मायक्रॉन या चिप कंपनीकडून अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या लीहाय इथला कारखाना 90 कोटी डॉलरना घेतला. 2022 च्या डिसेंबरमध्ये तिथे उत्पादन सुरू होईपर्यंतचा तयारीचा खर्च ‘इतर’मध्ये होता. नंतर तो उत्पादन खर्चात आला आणि पुढे मागणी थंडावल्यावर अर्धवट चाललेल्या कारखान्याचा भार एम्बेडेड विभागाला जाणवला. 2023 मध्ये या विभागाचा नफा 1 अब्ज डॉलरच्या आसपास होता, 2024 मध्ये त्याच्या निम्म्याहूनही खाली गेला. त्यात विक्री घटल्याचा वाटा मोठा आहेच. पण नगच कमी निघाले की उरलेल्या प्रत्येक नगावर कारखान्याचा बोजा वाढतो. तो बोजा किमतीत घालून गिऱ्हाईकाकडून काढायला गेलात तर ऑर्डर आणखी घटतात.

आमच्या सीएंनी यावर योग्य वाट दाखवली. लेखा मानक 2 (मालसाठ्याची किंमत धरायचा हिशेबाचा नियम) प्रमाणे कारखान्याचा स्थिर वरखर्च मालावर लावताना नेहमीची क्षमता धरायची, रिकाम्या क्षमतेचा खर्च मालाच्या किमतीत न घालता त्या वर्षाच्या खर्चात टाकायचा. फर्नेसमधून माल नेणारा पट्टा रिकामा फिरतो, त्या वेळेसाठी आम्ही आता रजिस्टरमध्ये ‘रिकामा पट्टा’ असा वेगळा रकाना ठेवतो. तो खर्च डायोडचा नाही, स्टॅकचाही नाही. तो माझा आहे, कारण ऑर्डर आणणं माझं काम.

‘इतर’ या ओळीकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. एएमडी या चिप कंपनीने 2022 मध्ये झायलिंक्स ही दुसरी चिप कंपनी घेतली. त्या खरेदीमुळे दरवर्षी लिहून टाकावी लागणारी रक्कम विभागांवर न टाकता ‘इतर सर्व’मध्ये ठेवली जाते. 2023 मध्ये त्यांच्या एम्बेडेड विभागाचा नफा 2.6 अब्ज डॉलर दिसतो आणि अख्ख्या कंपनीचा कामकाजातला नफा फक्त 40 कोटी डॉलर. यात लपवाछपवी काही नाही, सगळं छापलेलं आहे. पण नुसता विभागाचा आकडा बघणाऱ्याची फसगत होईल. आमच्याकडेही मशीनच्या कर्जाचं व्याज आणि माझा पगार ‘इतर’मध्येच जातो. म्हणून महिन्याच्या बैठकीत ती ओळ मी सगळ्यांत आधी वाचतो.

आमच्या कामाला खरं वळण दिलं ते इंटेल या चिप कंपनीच्या बदलाने. पूर्वी तिथे कारखान्यांचा खर्च चिप आखून विकणाऱ्या विभागांमध्ये वाटून टाकला जायचा. 2023 च्या जूनमध्ये त्यांनी सांगितलं, की यापुढे आमचेच विभाग कारखान्याला बाहेरच्या गिऱ्हाईकासारखे पैसे मोजतील. 2024 च्या एप्रिलमध्ये नव्या पद्धतीने मांडलेले जुने आकडे आले. कारखान्याच्या विभागाची 2023 ची उलाढाल 18.9 अब्ज डॉलर आणि तोटा 7 अब्ज. तोटा आधीही होताच, तो एका जागी पहिल्यांदा दिसला.

त्यातल्या दोन गोष्टी मी अधोरेखित करून ठेवल्या. एक, रांग मोडून मध्येच घुसवले जाणारे अर्जंट लॉट. त्याचे पैसे विभागाला पडत नव्हते, म्हणून जो तो अर्जंट म्हणायचा. पैसे लावले की ही घाई कमी होऊन वर्षाला 50 कोटी ते 1 अब्ज डॉलर वाचतील, असा कंपनीचा अंदाज होता. दुसरी, तपासणीचा वेळ. तो स्पर्धकांच्या दुप्पट-तिप्पट होता, कारण तोही फुकट होता. त्यात आणखी सुमारे 50 कोटी.

हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी फर्नेससमोर जाऊन उभा राहिलो. अर्जंट लॉट आला होता. तापमानाची सेटिंग बदलली, ती स्थिर होईपर्यंत पट्टा रिकामा फिरत होता. ग्रॅफाइटच्या जिग (डायोड धरून ठेवणारे साचे) बाजूला रचून ठेवलेल्या, नायट्रोजनचा फ्लोमीटर (गॅस मोजणारा मीटर) मात्र चालू. दादा घड्याळ बघत म्हणाले, “साहेब, हा दीड तास कुणाच्या खात्यात लिहू?”

तेव्हापासून मध्ये घुसलेल्या लॉटवर सेटिंगचा वेळ आणि गॅस त्याच ऑर्डरच्या नावावर लागतो आणि कोटेशनमध्ये तशी ओळ असते. पार्टीने अर्जंट म्हटलं की मी शांतपणे दर सांगतो. बहुतेक जण म्हणतात, मग सोमवारी द्या. टेस्टिंगचा दर आम्ही नगावरून बेंचच्या मिनिटांवर आणला. ताईंनी स्वतःहून दोनदा मोजलं जाणारं एक रीडिंग दाखवून दिलं. ते बंद केलं आणि टेस्टिंगचं जॉबवर्क तोट्यातून वर आलं. डायोडचे दर दोन टप्प्यांत वाढवले. स्वस्तात माल मागणारे काही गेले, त्यांना थांबवलं नाही.

सध्या मॉड्यूलसाठी (एकाच खोक्यात अनेक डायोड असलेला भाग) नवा टेस्ट बेंच घ्यायचं चाललंय. पहिले सहा महिने त्याच्यावर पुरेसं काम नसणार, हे आम्हाला माहीत आहे. सौ.ने रजिस्टरचं नवीन पान आखून ठेवलंय. पहिला रकाना ‘रिकामा बेंच’, आणि त्यापुढे माझं नाव.