तिरका व्हॉल्व्ह

पौडच्या गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मुळशीकडचा जुलैचा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की मिस्त्री काय सांगतायत ते अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. कोपऱ्यात एक्सपल्स मोटरसायकल उभी होती. हँडल वाकलेलं, टाकीला खोल पोचा, डावीकडचं फूटरेस्ट मुळातून तुटलेलं. रविवारी ताम्हिणी घाटात, उताराच्या वळणावर मागचं चाक घसरलं आणि गाडी रस्त्याकडेच्या गटारात जाऊन दगडी कठड्यावर आदळली. चालवणारा चोवीस वर्षांचा मुलगा. कॉलर बोन मोडलं, जीव वाचला. दुरुस्तीचा अंदाज ५८ हजारांचा होता.

मी विम्याच्या दाव्यांसाठी गाड्यांची पाहणी करतो. गाडी बघायची, मोजायची, फोटो काढायचे आणि जे दिसलं ते अहवालात लिहायचं. दावा द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. पण ती ठरवते माझ्या कागदावरून, म्हणून माझ्या प्रत्येक शब्दाला वजन असतं, हे मी कधी विसरत नाही.

मुलगा आईबरोबर आधीच येऊन बसला होता, हात गळ्यातल्या झोळीत. मी मागच्या चाकापाशी वाकलो तसा तो म्हणाला, "काका, टायर अगदी नवीन आहे. महिनासुद्धा झाला नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी खोली मोजायची पट्टी टायरच्या नक्षीच्या खाचेत घातली, ११ मिलिमीटर भरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ क्रमांकाचा नियम दुचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर मागतो. त्या हिशेबानं हा टायर तेरा-चौदा पट चांगला. चौकात कुणी हवालदारानं बघितला असता तर पाठ थोपटून सोडला असता.

पण नक्षी होती बटणांची. एकमेकांपासून लांब लांब उभे असलेले रबराचे उंच ठोकळे, मोटोक्रॉसच्या मैदानावर दिसतात तसे. बाजूच्या भिंतीवर चिखल वाळून बसला होता. मिस्त्रींकडून रॉकेलचं फडकं आणि तारेचा ब्रश घेतला आणि सावकाश घासत गेलो. आधी माप वर आलं, ११०/१००-१८. पुढं बोटभर अंतरावर तीन उठावदार अक्षरं, एन एच एस. आणि त्याखाली तेच पूर्ण वाक्यात, इंग्रजीत: हा टायर हमरस्त्यावर वापरण्यासाठी नाही. गोल फिरून सगळी भिंत वाचली. आयएसआयचं चिन्ह कुठंही नव्हतं.

मी मुलाला जवळ बोलावून ती अक्षरं दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. टायर त्यानं ऑनलाइन मागवला होता, विकणाऱ्यानं एवढंच लिहिलं होतं की या गाडीला बसतो. बसतो हे खरं, रिम १८ इंचीच आहे. पण गाडीचं मूळ माप १२०/८०-१८. म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, ९६ मिलिमीटर. याची ११० च्या शंभर टक्के, ११० मिलिमीटर. मागचा भाग १४ मिलिमीटरनं उचलला गेला, आणि वरची बटणं मडगार्डच्या आतल्या बाजूला घासत होती. घासल्याच्या खुणा स्पष्ट होत्या.

तरी अपघात त्या घासण्यानं झाला नव्हता. अपघाताचं कारण मला व्हॉल्व्हनं सांगितलं.

स्पोकच्या चाकात ट्यूब असते. तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर येतो आणि सरळ चाकाच्या मध्याकडे बघतो. इथं तो आडवा झोपला होता. टायर उतरवला तेव्हा ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी अर्धी फाटलेली निघाली. पडताना फाटली असती तर चीर एकदम, वेडीवाकडी असती. इथं रबर एका बाजूला ओढलं जाऊन हळूहळू पातळ झालं होतं. रिमच्या आतल्या कडेला काळी भुकटी आणि गोल चकाकी होती, म्हणजे टायर रिमवर बरेच दिवस थोडा थोडा सरकत होता. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक जोराच्या पिकअपला टायर जरासा फिरायचा, ट्यूबला सोबत ओढायचा, आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला.

"हवा किती होती?" मी विचारलं.

"पंधरा."

शनिवारी मुळशीजवळ ऑफरोडचा सराव होता. चिखलात बटणं रुतावीत म्हणून तिथं हवा कमी करतात, ते बरोबरच आहे. स्पर्धेच्या गाड्यांना त्यासाठी रिममध्ये एक खास पकड बसवतात, रिमलॉक म्हणतात त्याला. ती टायरची कड आतून आवळून धरते. या गाडीला ती नव्हती, कारखान्यातून येतच नाही. रविवारी सकाळी तशाच कमी हवेवर, पंधरा पीएसआयवर, तो माणगावच्या बाजूला निघाला.

डांबरावर असा टायर कसा वागतो ते मी त्याच्या आईला हातानं करून दाखवलं, कारण त्या पहिल्यापासून एकच विचारत होत्या, नवीन टायर घसरलाच कसा. पंजा टेबलावर सपाट ठेवला की सगळा तळवा टेकतो, बोटांच्या टोकांवर उभा केला की टेकतात फक्त टोकं. मातीत ती टोकं खुपसली जातात आणि घट्ट धरतात. ओल्या डांबरात खुपसायला जागा नाही. वळणावर गाडी कलली की कडेची उंच बटणं मुडपतात, मग सावरतात, पुन्हा मुडपतात, आणि चालवणाऱ्याला मागून कुणी हलवतंय असं वाटतं. त्यात हवा एकदम गेली तर काही उरत नाही.

इथं मिस्त्री मला बाजूला घेऊन गेले. भला माणूस, पंचवीस वर्षं त्या रस्त्यावर गाड्या सुधारतोय. म्हणाले, "साहेब, जुना टायर पोराच्या घरी आहे. तासाभरात आणून चढवतो. तुम्ही दुपारी फोटो काढा. बापाविना पोर आहे." त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता, हे मला माहीत आहे. मी नाही म्हणालो. "मिस्त्री, आता ते मी वाचलंय," एवढंच मला सुचलं.

मग परत येऊन मुलाशेजारी बसलो आणि अहवालात काय लिहिणार ते त्याला आधीच सांगितलं. पाठीमागून लिहिलेला कागद माणसाला जास्त लागतो, असं मला वाटतं. टायरचं माप आणि भारक्षमता गाडीच्या हिशेबानं असावी लागते, तो नियम ९५. रस्त्यावरच्या वाहनांच्या टायरला आयएसआय चिन्ह २००९ च्या आदेशानं सक्तीचं झालं, दुचाकीच्या टायरचं मानक आयएस १५६२७. आणि कारखान्यानं नोंदवलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. सोबत हेही लिहिणार होतो की लायसन्स वैध आहे, पुढचा टायर मूळ ९०/९०-२१ आणि सुस्थितीत आहे, ब्रेक ठीक आहेत, आणि मुलानं काहीही लपवलं नाही.

"म्हणजे बटणांचे टायर रस्त्यावर चालतच नाहीत का?" त्यानं विचारलं.

चालतात. हा प्रश्न मला पुष्कळ मुलं विचारतात आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. माती आणि डांबर दोन्हींसाठी केलेले, मोठ्या ठोकळ्यांचे टायर बाजारात मिळतात. त्यांच्या भिंतीवर मापापुढं भाराचा आकडा असतो, वेगाचं अक्षर असतं, एम म्हणजे १३० किलोमीटर, पी म्हणजे १५०, आणि आयएसआयचं चिन्ह असतं. नक्षी कितीही रांगडी असो, ही ओळ पूर्ण असेल, माप गाडीचं असेल आणि एन एच एस नसेल, तर तो रस्त्यासाठी केलेला टायर. नुसत्या अक्षरावर मात्र जाऊ नये. स्पर्धेच्या टायरवरही कधी कधी एम असतो. सगळी भिंत वाचायची.

मी बोलत होतो आणि मुलाचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, पैशांचा विचार करतोय.

"काका, आम्ही दोन मागवले होते," तो म्हणाला. "दुसरा माझ्या मित्राच्या गाडीला आहे. शनिवारी आम्ही बरोबरच होतो. तो आज पहाटे गोव्याला निघालाय. आंबोलीमार्गे."

बारा वाजत आले होते. त्यानं फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्या वेळी बंद लागला. मित्राच्या घरी लावला, आई म्हणाली कराडला चहा घेतल्याचा मेसेज आला होता. आम्ही चौघं त्या पत्र्याखाली एका फोनकडे बघत उभे होतो. आंबोलीचा घाट जुलैत कसा असतो ते मला माहीत आहे, धुक्यात पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही. पण मला घाटाआधी हायवेचीच जास्त भीती वाटत होती. स्पर्धेचा टायर तासन् तास ऐंशी-नव्वदच्या वेगानं डांबरावर पळण्यासाठी केलेलाच नसतो. बटणं सतत मुडपतात, आत उष्णता साठते, आणि बुडाशी चिरा जाऊन ती तुटायला लागतात.

पावणेएकला मित्राचाच फोन आला. किणी टोलनाक्याच्या अलीकडे पाऊस वाढला म्हणून एका शेडखाली थांबला होता. मुलाचं बोलणं त्यानं निम्मं ऐकलं आणि म्हणाला, गाडी मस्त चाललीय, हवा अठरा आहे, कोल्हापुरात बघतो. मी फोन हातात घेतला.

"बाळा, कोल्हापूर राहू दे. आत्ता खाली बस आणि मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह बघ. सरळ चाकाच्या मध्याकडे बघतोय का?"

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग फोटो आला.

व्हॉल्व्ह तिरका होता. निम्म्याहून जास्त कललेला, भोकाच्या कडेवर दाबला गेलेला. दुसऱ्या फोटोत मधल्या ओळीतल्या दोन बटणांच्या बुडाशी चिरा होत्या. मी त्याला सांगितलं, हवा भरून पुढं जायचा विचारसुद्धा करू नकोस, ट्यूब आतून कितपत ओढली गेलीय ते बाहेरून कळत नाही. छोटा हत्ती बोलाव आणि गाडी कोल्हापुरात ने.

खरी अडचण पुढं होती. कोल्हापुरातल्या दोन दुकानांनी एक्सपल्सचा टायर नाही, मागवावा लागेल, असं सांगितलं. तेव्हा मिस्त्री, जे इतका वेळ गप्प उभे होते, पटकन म्हणाले, "अरे, बुलेटवाल्याकडं माग!" आणि त्यांचं बरोबर होतं. २०२१ नंतरच्या क्लासिक ३५० ला मागं हेच माप लागतं, १२०/८०-१८. चिखलात तो टायर काही कामाचा नाही, पण माप तेच, आणि अंगावर आयएसआयचं चिन्ह. तिसऱ्या दुकानात मिळाला. नवी ट्यूब, नवा टायर, रस्त्यापुरती हवा.

रात्री घरी बसून मी अहवाल लिहिला. मागच्या टायरच्या रकान्यात एरवी दोन ओळी होतात, त्या दिवशी दीड पान झालं. व्हॉल्व्हचा कोन, ट्यूब फाटल्याची दिशा, रिमवरची चकाकी, सगळं फोटोंच्या क्रमांकासह. साडेनऊला मुलानं मित्राचा निरोप पुढं पाठवला, सावंतवाडीला पोचलोय. कंपनीनं पुढं दावा पूर्ण नाकारला नाही. अटींचा भंग झाला की काही वेळा नॉन-स्टँडर्ड म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, तशी दिली. बाकीचे पैसे त्याच्या आईनं हप्त्यानं गॅरेजला फेडले.

दिवाळीनंतर पौडवरून जाताना मी गॅरेजमध्ये चहाला थांबलो. मुलगा तिथंच होता, खांदा सावरलेला. बटणांच्या टायरचं वेगळं चाक आता त्यानं रिमलॉकसकट करून घेतलंय, आणि सरावाला ते टेंपोतून जातं. रस्त्यावरच्या चाकावर, व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी, त्यानं रिमपासून टायरपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. टायर केसभर सरकला तरी रेघ तुटलेली दिसेल. मी वाकून बघितली, सरळ होती.