अंधाराला भिणारा

व्हिडिओ कॅमेरा खोक्यातून काढून हातात घेतला तेव्हा पहिली शंका आली ती ही, की आत काही घालायचं राहून तर गेलं नाही ना? इतका हलका. उगाच कानाशी धरून दोनदा हलवूनही पाहिला. काही वाजलं नाही, म्हणजे निदान सुटं काही नव्हतं. पट्ट्यात उजवा हात अडकवला तर अंगठा आपणहून लाल बटणावर गेला आणि तर्जनी झूमच्या पट्टीवर. ज्याने कुणी ही पकड आखली त्याला माणसाचा हात ठाऊक होता. बाकी त्याला काय काय ठाऊक नव्हतं, ते पुढे कळलं.

खोक्यावर झूमचे दोन आकडे होते. एक बारीक अक्षरात, ३० पट. दुसरा ढोल बडवत, चार आकडी. पहिला भिंगांचा, म्हणून खरा. दुसऱ्यात आहे तेच चित्र कापून ताणतात, जुना बनियन ताणून अंगात घालावा तसं. ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली. ३० पट मात्र सच्चे निघाले. त्याचं गुपित आतल्या सेन्सरमध्ये आहे. ज्यावर उजेड पडून चित्र उमटतं तो चौकोन जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखावर असे चार-पाच सहज मांडता येतील. तो एवढासा आहे म्हणूनच मुठीत मावणाऱ्या भिंगाला इतक्या लांबचं दिसतं. मोठ्या सेन्सरला तेवढं झूम द्यायचं तर भिंग मांडीएवढं होईल आणि उचलायला दुसरा माणूस लागेल. जे दूषण तेच भूषण, असा मामला. पण भूषण दुकानातच कळतं, दूषण नाट्यगृहात.

कॅमेरा घेतला तो ताईसाठी. ती एकपात्री प्रयोग करते. दीड तास एकटी. रंगमंचावरून तिला सगळं दिसतं, तिसऱ्या रांगेतला जांभई देणारासुद्धा. दिसत नाही तो फक्त स्वतःचा प्रयोग. फोनवर दोनदा करून पाहिलं होतं. एकदा ऐन रडण्याच्या प्रसंगात कुणाचा तरी कॉल आला, एकदा फोन तापून आपला आपण मिटला. तेव्हा म्हटलं, ज्याचं काम त्याने करावं.

पहिल्या प्रयोगाला मी शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉड लावला, लाल बटण दाबलं आणि निवांत झालो. सगळं ऑटोवर होतं. माहितीपुस्तिकेत तसंच लिहिलं होतं: कॅमेरा परिस्थिती ओळखून योग्य तो निर्णय घेईल.

घेतले त्याने निर्णय.

कॅमेऱ्यांच्या प्रकाश मोजण्यात एक गृहीतक फार पूर्वीपासून चालत आलंय. समोरच्या दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी निघते, अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारी. बागेत, रस्त्यावर, वाढदिवसाला हे खपून जातं. रंगमंचावर मात्र चौकटीचा नऊ दशांश भाग काळा पडदा असतो आणि मधोमध उजेडात एक चेहरा. कॅमेऱ्याला तो चेहरा दिसलाच नाही, त्याला पडद्याचा कळवळा आला. अरेरे, केवढा हा काळोख, थांबा, मी बघतो काहीतरी! पडदा करडा झाला आणि ताईच्या चेहऱ्याची ट्यूबलाइट झाली. डोळे, भुवया, तोंड, सगळं त्या पांढऱ्यात विरघळलेलं. संध्याकाळ दाखवायला प्रकाशयोजनाकाराने कष्टाने पिवळा उजेड टाकला होता. कॅमेऱ्याला वाटलं काहीतरी चुकतंय. त्याने तोही दुरुस्त करून पांढराशुभ्र केला.

प्रयोगात एक ब्लॅकआउट आहे, अकरा सेकंदांचा. त्यात ताई उजव्या विंगेजवळून चालत डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी येते आणि बसते. दिवे लागतात तेव्हा ती म्हातारी झालेली असते. ना मेकअप, ना विग. नुसते खांदे आणि मान. ते अकरा सेकंद तिने महिनोन्‌महिने घोटलेले आहेत.

रेकॉर्डिंगमध्ये ते असे दिसतात: दिवे जातात. अर्धा सेकंद काळं. मग कॅमेरा धास्तावतो, मिळेल तो कण न् कण उजेड गोळा करून फुगवू लागतो, आणि पडदाभर रंगीत मुंग्या धावायला लागतात. फोकसला धरायला काही सापडत नाही म्हणून तो पुढे-मागे, पुढे-मागे अंधारात चाचपडतो. मुंग्यांमधून एक करडी बाई लगबगीने खुर्चीकडे जाताना स्पष्ट दिसते, वाटेत पदर सावरताना. आणि दिवे लागतात तेव्हा तोवर फुगवून ठेवलेल्या उजेडाचा स्फोट होतो. दोन सेकंद नुसतं पांढरं. म्हातारी व्हायच्या ऐवजी ताई थेट स्वर्गवासी होते.

आवाजाचं तेच. माईकला गेन, म्हणजे आवाज किती उचलायचा ते, आपोआप ठरवायची मुभा होती. ताई ओरडली की तो आवाज दाबायचा, ती कुजबुजली की उचलायचा. अख्ख्या प्रयोगात किंकाळी आणि कुजबुज एकाच उंचीच्या. पण ती गप्प झाली की खरी मजा. विराम आला की हा हळूहळू वर चढायचा आणि सापडेल ते हुडकून आणायचा: पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर, माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाचा श्वास. त्या माणसाला सर्दी होती हे मला नाट्यगृहात कळलं नव्हतं, घरी कळलं. शेवटी टाळ्या पडल्या त्या तर पत्र्यावर खडी ओतल्यासारख्या.

एक पाहुणा असतो. सगळे गप्प बसले की त्याला राहवत नाही. ‘मग, बाकी काय?’ म्हणतोच. हा कॅमेरा त्या जातीचा आहे. अंधार दिसला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, शांतता आली की वाटतं आवाज कमी पडतोय. कुणीतरी ती दोन्ही मुद्दाम तिथे ठेवलीत, हे त्याच्या गावी नाही. आणि नाटक काय, गाणं काय, नाच काय, निम्मा जीव तर त्यातच असतो.

ताईने ते रेकॉर्डिंग दहा मिनिटं पाहिलं. म्हणाली, “अरे, मी इतकी वाईट करते का?”

मग मी पुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेतली. एकेक स्वयंचलित सोय मेनूच्या चौथ्या-पाचव्या घरात लपलेली. बंद करायचं बटण कंपन्या एवढं दडवून का ठेवतात, देव जाणे. फोकस खुर्चीवर पक्का करून टाकला. रंग ३२०० केल्विनला, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्यांना बेतलेल्या खुणेवर, खिळवला. संध्याकाळ आता संध्याकाळच राहणार. उजेड स्क्रीनवरच्या ताईच्या कपाळावर बोट टेकवून मोजला आणि तिथेच अडकवला. अंधारात जास्त दिसावं म्हणून दिलेली खास सोय बंद. पुढचा लाल ठिपका बंद, कारण तो रंगमंचावरून वाघाच्या डोळ्यासारखा दिसतो असं ताईचं म्हणणं. स्क्रीन मंद केला. झूम अर्ध्यावरच ठेवला. पूर्ण पुढे नेलं की भिंगाचं छिद्र एफ १.८ वरून एफ ४ वर येतं (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) आणि उजेड पाचव्या हिश्श्यावर उतरतो. शिवाय तेवढ्या झूमवर ट्रायपॉडशेजारून कुणी नुसतं चालत गेलं तरी रंगमंचावर भूकंप होतो.

आवाजासाठी एक छोटा रेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला ठेवला. त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते कळायला मला रात्रभर डोकं आपटावं लागलं. प्रयोगाच्या सुरुवातीला ताई जमिनीवर काठी आपटते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये काठी जमिनीला लागते, आणि आवाज किंचित मागाहून येतो. आधी वाटलं, स्वस्तातला माल, चित्र-आवाजाची गाठ नीट बांधली नसेल. पण या एका बाबतीत तो निर्दोष होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मी वीस मीटर मागे. म्हणजे काठीचा आवाज माझ्यापर्यंत यायला सेकंदाचे सुमारे ५८ हजारांश लागतात. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे प्रत्येक चित्र ४० हजारांशांचं. आवाज दीड चित्र उशिरा. शेवटच्या रांगेतला प्रत्येक प्रेक्षक आयुष्यभर असंच बघत आलाय, आणि त्याच्या मेंदूने कधी तक्रार केलेली नाही. आता मी चित्रातली काठी आणि रेकॉर्डरमधला ठोका एकावर एक बसवतो. पुढे दोघांची घड्याळं थोडी थोडी सरकत जातात, पण तेवढं भांडण मिटवता येतं.

फायलींचंही एक आहे. सलग दीड तास चित्रित करा, कार्डावर चार तुकडे सापडतात. कार्ड फॅट-३२ नावाच्या फायली मांडायच्या पद्धतीने मांडलेलं असलं की एका फाइलला चार जीबीच्या पुढे जाता येत नाही, कारण तिची लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. सेकंदाला २४ मेगाबिटने लिहिलं की साधारण २४ मिनिटांनी नवी फाइल सुरू. आमचा पहिला सांधा ‘आई मला कधीच’ आणि ‘म्हणाली नाही’ यांच्या बरोब्बर मध्ये पडला. जोडल्यावर कळतही नाही, तरी मला दर वेळी ठेच लागते. पण तक्रार करायला मन धजत नाही. पूर्वीच्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यांची टेप साठ मिनिटांत संपायची आणि ती बदलेपर्यंत नाटक थांबत नसे. त्याआधी, १९८३ साली आलेल्या सोनीच्या बीटामूव्ही कॅमेऱ्याला तर चित्रित केलेलं स्वतः दाखवताच येत नव्हतं. टेप काढून घरच्या यंत्रात घालायची, तेव्हा कळायचं काय झालंय ते. मी निदान घरी जाताना रिक्षातच निराश होऊ शकतो.

दुसऱ्या प्रयोगाला मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. ब्लॅकआउट आला. स्क्रीन काळा झाला आणि काळाच राहिला. मला मुंग्यांची इतकी सवय झाली होती की बोट आपसूक बटणाकडे गेलं. आवरलं. कोपऱ्यातले सेकंदांचे आकडे तेवढे पुढे सरकत होते. माणूसही काही कमी धास्तावत नाही.

रविवारी ताई बघायला बसली. या वेळी दहा मिनिटांत उठली नाही. चेहऱ्याला नाक-डोळे होते, संध्याकाळ पिवळी होती. दिवे गेले, पडदा काळा झाला, आणि तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

“बंद पडला का रे?”

“नाही. तो तुझा ब्लॅकआउट आहे.”

ती पुन्हा वळली. काही दिसत नव्हतं. रेकॉर्डरने आणलेला आवाज तेवढा होता: फळीवर अनवाणी पावलं, एक थांबा, पुन्हा पावलं, खुर्चीच्या वेताची बारीकशी करकर. दिवे लागले. म्हातारी बसलेली होती. ताई मात्र तिच्याकडे बघत नव्हती, बोटांवर काहीतरी मोजत होती.

“मागे घे जरा,” ती म्हणाली. “दोन पावलं जास्त पडतायत.”