आमची वाटचाल : भंगारात न गेलेले ट्रेडल

खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, चालणाऱ्या छापखान्यांची दारे एकामागून एक कशी बंद झाली, हे मुद्रण व्यवसायातील जुन्या मंडळींना मी सांगावे असे काही नाही. संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली, ऑफसेटचे, म्हणजे खिळ्यांऐवजी पातळ पत्र्यावरून होणाऱ्या छपाईचे, दर आवाक्यात आले, आणि 1990 नंतरच्या दशकात सांगलीतील अनेक ट्रेडल, म्हणजे मुळात पायाने चालणारी छपाईची यंत्रे, वजनावर विकली गेली. गावभागातील आमचा छापखाना टिकला, तो नवे यंत्र घेतल्यामुळे नव्हे, तर जे यंत्र दारात उभे होते त्याच्याकडून वेगळे काम करून घेतल्यामुळे. त्या काळी आमच्या या विचारावर कोणाचाही विश्वास नव्हता, म्हणून ते आज अभिमानाने लिहीत आहे.

वडिलांनी छापखाना काढला तेव्हा त्यांच्यासोबत एक जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे कारागीर, होते, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आलो. भांडवल वडिलांचे आणि कसब काकांचे, अशी ती भागीदारी होती. तिचा कागद कधी झाला नाही, पण नफ्यातील रुपयामागे चार आणे काकांच्या घरी न चुकता जात असत. अखंड आणि डिग्री अशा दोन्ही पद्धतींच्या खिळ्यांच्या केसांवर, म्हणजे खणांच्या पेट्यांवर, त्यांचा हात न पाहता चालत असे, आणि चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, आवळल्यावर एकही खिळा हलत नाही ना, हे ते केवळ बोट फिरवून ओळखत.

आमच्याच गल्लीत एका ऑफसेटवाल्याने दुकान थाटले, तेव्हापासून आमचे वाईट दिवस सुरू झाले. स्पर्धेबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे यंत्र वेगवान होते आणि छपाई स्वच्छ होती, हे मी तेव्हाही मान्य करीत होतो. परंतु तो आमच्या ग्राहकांच्या पेढीवर जाऊन, 'त्यांचा छापखाना दिवाळीपर्यंतसुद्धा चालणार नाही, तुमची आगाऊ रक्कम बुडेल,' असे सांगत असे. लग्नपत्रिका गेल्या, हस्तपत्रके गेली, शाळांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. पुढे त्यानेच माणूस पाठवून आमचे ट्रेडल भंगाराच्या भावाने मागितले, आणि तो निरोप वडिलांच्या देखत दिला गेला, ही गोष्ट मी आजही विसरू शकलेलो नाही.

त्या दिवसांत मार्केट यार्डातील हळदीचे एक अडते मात्र आमच्याकडेच पावतीपुस्तके छापून घेत राहिले. ते एकदा वडिलांना म्हणाले, "माझी पावती सुंदर नसली तरी चालेल, पण नंबर चुकला तर माझा हिशेब चुकतो. त्या ऑफसेटवर नंबर पडतात का?" त्यांच्या या प्रश्नातच आमचे पुढचे आयुष्य होते. त्या प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर नंबर पडत नव्हते, पुस्तकाला फाडण्यासाठी दातेरी रेघ मारता येत नव्हती, जाड कार्डाला घडीची क्रीझ देता येत नव्हती, आणि खोक्याचा आकार कापता येत नव्हता. ही सर्व कामे ट्रेडलवर होतात. काकांनी स्वतःहून सुचविले की खिळ्यांचे शिसे वजनावर विकावे आणि त्या पैशांतून नंबर टाकणारे नंबरिंगचे बॉक्स, दातेरी रेघेसाठी परफोरेशनच्या पट्ट्या आणि खोक्याचा आकार कापणारे पंचिंगचे डाय घ्यावेत. ज्या खिळ्यांवर त्यांची उमेदीची वर्षे गेली, ते गोणीत भरताना त्यांनी एक शब्दही काढला नाही.

नंबरिंगचा बॉक्स हे साधे दिसणारे पण मानी यंत्र आहे. प्रत्येक दाबासरशी त्याचा पुढचा खटका दबतो आणि चाक एका अंकाने फिरते. शाई दाट झाली किंवा आत कागदाची धूळ बसली की चाक अडते आणि एकच अंक दोनदा उमटतो. आम्ही उलट मोजणारे बॉक्स वापरतो, म्हणजे शंभरावा कागद आधी छापला जाऊन तळाशी बसतो, पहिला कागद गठ्ठ्याच्या वर येतो, आणि बांधणीच्या वेळी पाने लावत बसावे लागत नाही. काम संपल्यावर बॉक्स रॉकेलने धुऊन ठेवावा. नव्या मुलांना हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

त्यानंतरची बरीच वर्षे शांततेत गेली. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जुनी बिलबुके एका रात्रीत निरुपयोगी ठरली. प्रत्येक बिलावर करक्रमांक, सलग अनुक्रमांक, आणि माल विकणाऱ्यासाठी तीन प्रती, म्हणजे एक ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची व तिसरी स्वतःची, असा नियम आला. सर्व यार्ड आमच्याकडे आले. इतकेच नव्हे, तर तोच ऑफसेटवाला छापलेले कागद नंबर टाकण्यासाठी आमच्याकडे पाठवू लागला. त्याचे काम आम्ही सर्वांच्याच दराने केले, फक्त रोखीने.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्या पुढे गेले, आणि आमचा छापखाना बुडाला. कागदाचे रीम फुगून लगदा झाले, मोटार गेली, डायच्या प्लायवूडला पोपडे सुटले. परंतु ट्रेडल ओतीव लोखंडाचे होते. चिखल धुतला, गंज घासला, बुशांत तेल सोडले, आणि मोटार दुरुस्त होईपर्यंत ते पायाने चालविले. शहरातील व्यापाऱ्यांच्या वह्या आणि पावतीपुस्तकेही पाण्यात गेली होती, त्यामुळे पहिले काम दारात तयारच होते. ते अडते स्वतःची पेढी उघडण्याआधी आमच्याकडे आले आणि पूर्ण रक्कम आगाऊ ठेवून गेले.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की कर्ज काढून यंत्र घेण्याआधी आपल्या गावातील मोठे छापखाने कोणते काम नाकारतात, याची चौकशी करावी. नंबरिंग, परफोरेशन आणि क्रीझिंग यांचे दर बिलात वेगळे लिहावेत; छपाईत धरून फुकट देऊ नयेत. आपला डाय कोणालाही उसना देऊ नये, कारण पट्टीची धार गेली की सर्व कागद फाटतात आणि दोष मात्र आपल्यावर येतो.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि स्वतःच्या नावाने माल विकू पाहणारे लहान उत्पादक आता पाव किलोच्या खोक्यांसाठी आमच्याकडे येतात. मोठा कारखाना हजारोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. आम्ही दोनशे खोकीही कापून देतो. काका आता नाहीत, पण त्यांचा मुलगा डाय बसवितो, आणि रुपयामागचे चार आणे अजून त्यांच्या घरी जातात. मिरजेतील एक बंद पडलेला छापखाना आपले ट्रेडल विकत आहे. ते घेण्याचे आम्ही नक्की केले आहे, आणि त्याची किंमत भंगाराच्या नव्हे तर यंत्राच्या भावाने ठरली आहे.